कानाला हात

गुरूंचं नाव घेताना आपण कानाला हात लावतो.
या गाण्याचं नाव निघालं तर मीही लावीन,
पण कारण निराळं.

हडर्सफील्डचा कार्यक्रम आटोपून निघालो तेव्हा
अकरा वाजून गेले होते.
व्हॅन गॅरेथची, आत डिझेलचा आणि ओल्या कुत्र्याचा वास.
मागे दोन तानपुरे गोधडीत गुंडाळलेले,
ताप आलेल्या जुळ्यांसारखे,
त्यांच्यामध्ये मन्सूरभाई, मांडीवर सारंगी, डोळे मिटलेले.
पुढे सुमेधाताई, शाल अजून अंगावर,
भैरवीचा शेवटचा षड्ज गळ्यात तसाच धरून,
कुणाशी न बोलता.

मी म्हटलं, रस्ता बघते. फोन उघडला.
व्हॅननं तो आपणहून ओळखला
(मागच्या महिन्यात एकदाच जोडला होता मी)
आणि सहाही स्पीकरमधून
ते सुरू झालं.

ते म्हणजे
इचलकरंजीच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रानं काढलेली कॅसेट,
हातात मोजे घालून डबा बडवावा तसा ढोल,
मशीनच्या टाळ्या,
आणि शब्द असे की चारचौघांत सांगवत नाहीत:
रिक्षा आणि चंद्र यांचं यमकसुद्धा जुळवलेलं नाही,
नुसतं शेजारी बसवलंय.

गाणारी मुलगी कोण, कॅसेटवर नाव नव्हतं.
तिसऱ्या ओळीत ती निषादाकडे चढते
आणि पोचत नाही.
केसभर खाली राहते.
बत्तीस वर्षं मी त्या केसभरासाठी ऐकते आहे,
दार लावून, नळ सोडून,
एखादी चोरून मिश्री लावते तशी.
माझ्या पेटीत तो सूर नाहीच.
दोन पट्ट्यांच्या मधे जी फट असते,
जिथे धूळ असते आणि एकदा मला एक टाचणी सापडली होती,
तिथे तो राहतो.

फोन हातातून निसटला, सीटखाली गेला.
मी वाकले, सीटबेल्टनं मागे खेचलं.
"बंद कर," ताई म्हणाल्या.
गॅरेथला मराठी येत नाही.
त्यानं आवाज वाढवला.

मोटरवेच्या मधोमध ते एक शेतघर आहे ना,
ज्याच्या दोन्ही अंगांनी रस्ता वाहतो,
त्याचा दिवा धुक्यातून आला आणि गेला.
ताईंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"अंतरे किती?"
"तीन."
"मग आता संपू दे."

मागून मन्सूरभाई, डोळे न उघडता,
"नी कमी लागतो पोरीचा.
मुद्दाम लावत नाही, म्हणून बरा वाटतो."
मग बराच वेळ काही नाही. मग,
"आमच्या ओल्डममधे आइस्क्रीमची गाडी येते.
बॅटरी उतरली की तिची धूनही उतरते, दर फेरीला थोडी.
मी खिडकीत उभा राहतो.
साखर आहे मला. खायचं नसतंच."
गॅरेथला तेवढा एकच शब्द कळला.
म्हणाला, आता कुठे मिळणार, सगळं बंद असेल.

ताईंनी आपलं काही सांगितलं नाही.
आम्ही विचारलंही नाही.
रॉचडेलला उतरताना मात्र
त्यांनी व्हॅनचं दार बंद केलं ते
अगदी हलकेच,
आत कुणी झोपलं असावं तसं.

सोमवारी चर्चच्या हॉलमधे वर्ग.
अकरा वर्षांची इरावती पलटे म्हणत होती,
चढताना निषाद लागला नाही,
केसभर खाली.
हीटर खडखडत होता.
खरा सूर दाखवायला
माझं बोट पट्टीवर तयारच होतं.
दाबली मी.
पण तिचा श्वास संपल्यावर.